इथून पाटा जाणार

आईचं स्वयंपाकघर मी एकदा भर दुपारी, चार बायांच्या देखत, सरकारला देऊन टाकलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आपल्याला गुजराती येतं असा माझा ठाम समज होता. आता मी आजी आहे. लवकर झाले, पंचेचाळिशीतच. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नाही. मधल्या काळात चुका पुष्कळ केल्या, पण इतक्या आनंदानं केलेली दुसरी आठवत नाही.

नव्वदीची सुरुवात होती. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातून सुरतला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. वडील पांडेसऱ्यातल्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. रुळाकडे पाठ करून उभ्या असलेल्या नऊ खोल्यांच्या ओळीत कडेची खोली आमची, आणि तिच्या मागं, रुळाच्या बाजूला, पत्रे टाकून केलेलं स्वयंपाकघर. तिथं आई खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले चौदा जण दोन पाळ्यांत जेवायला यायचे. वडिलांच्या एकट्याच्या कामावर आम्हा पाच जणांचं सुरतेत निभलं नसतं. ते पत्रे होते म्हणून आम्ही होतो. पत्रे गेले की पुढच्या गाडीनं परत दोंडाईचा. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. पण माझ्यापुढं त्याहून मोठं संकट होतं, ते म्हणजे पाटा.

आजीचा, म्हणजे आईच्या सासूचा, काळ्या दगडाचा पाटा. येताना गाडीत त्यानं एवढी जागा अडवली की शेवटी मी त्याच्यावरच बसून सुरतेपर्यंत आले. त्या उपकाराची वसुली म्हणून त्यानं माझा जन्म खाल्ला. शाळेतून आलं, दप्तर टाकलं की पाट्यापुढं बसायचं. चौदा जणांच्या कालवणाचा मसाला वाटायचा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लाल मिरची. हात रात्रीपर्यंत भगभगायचे. डोळे चोळायचे नाहीत हे मला रोज डोळे चोळल्यावरच आठवायचं. शेजारच्या गुजराती वस्तीत मिक्सर नावाचं यंत्र आहे असं ऐकलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शे ना आपलाकडे बी. दोन हात, दोन वेन्या."

जेवायला येणारे सगळे रूळ या विषयातले पंडित. सगळेच त्या एका लाइनीनं आलेले. उधन्याला मुंबईची लाइन सोडून जो फाटा पूर्वेला वळतो आणि व्यारा, नवापूर, नंदुरबार करत खानदेशात शिरतो, त्यानं. आणि सगळ्यांची तक्रार एकच, की ती लाइन नेमकी त्यांचं गाव सोडून गेली. मग ताटातच नवी लाइन टाकायची. भाकरीच्या कडेची लांब पट्टी तोडायची, तो रूळ. कांद्याची फोड म्हणजे उधना. ठेच्याचा ठिपका म्हणजे आपलं गाव. पट्टी वाकवून ठेच्यापर्यंत न्यायची आणि म्हणायचं, "बघा, इतकंसं वळण दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" समोरचा म्हणायचा, "आणि माझं गाव?" तो त्याच्या ताटात वेगळी पट्टी वाकवायचा. रोज खानदेशात तीन-चार नव्या लाइनी पडायच्या आणि हात धुवायच्या आत खाऊन संपायच्या.

त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर, त्यांना सगळे बाबा म्हणायचे. चाळीस वर्षं मागावर उभं राहून एका कानानं बहिरे झाले होते, म्हणून सगळं दोनदा सांगायचे. बाबा सांगत की ही लाइन आपल्यासाठी टाकलीच नव्हती. इंग्रजाला आपला कापूस हवा होता. आधी कापूस गेला, मग कापसाच्या मागं आपण आलो. आणि त्यांच्या गावाची गोष्ट तर मला पाठ होती. लाइनीची आखणी करत गोरा साहेब घोड्यावरून त्यांच्या गावात आला. त्यानं विचारलं, "गाडी गावाजवळून नेऊ का?" गावातल्या शहाण्यांनी विचार करून सांगितलं, "नको साहेब, शिट्टीनं गायी आटतील." साहेब बरं म्हणून निघून गेला. गाडी चार कोस लांबून गेली.

"एक 'नको' म्हणाले," बाबा म्हणायचे, "अन् तीन पिढ्या चालल्या."

मी खदाखदा हसायचे. "काय अडाणी माणसं हो बाबा तुमची! साहेब काय विचारतो ते तरी नीट समजून घ्यावं!" हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. बहिऱ्या कानाच्या बाजूनं म्हणायचे, पण म्हणायचे.

आमच्या ओळीत गुजराती येणारी मी एकटी, असं मी जाहीर केलं होतं. पुरुष कामावर हिंदी बोलत, बायका घरात अहिराणी. मी किराणा दुकानाच्या फळीवर बसून बसून 'शुं', 'केम', 'लई जाव' म्हणजे घेऊन जा, आणि 'वांधो नथी' शिकले होते. उरलेलं मराठीच, जरा नाकातून. बायका मला पोस्टमनकडे न्यायच्या, मीटरवाल्याकडे न्यायच्या. मी पुढं, त्या मागं. कमरेवर हात ठेवायची लकब तेव्हाची आहे.

अशाच एका दुपारी टेपवाला आला. रुळाच्या कडेनं तीन पायांची दुर्बीण, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी आणि एक लांबलचक टेप घेऊन. दोन दिवस त्याचं मोजणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी तो आमच्या पत्र्यांपाशी येऊन थांबला. वहीत बघितलं, पत्र्यांकडे बघितलं. आई, शेजारची काकू आणि आणखी दोघी ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होत्या. काकूच्या मांडीवर दोन महिन्यांचं तान्हं.

टेपवाला म्हणाला, "अहींथी पाटा जशे."

बायांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले.

"काय म्हनी राहिना?" आईनं विचारलं.

"तो म्हणतो, इथून पाटा जाणार."

आता हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: आपण ज्याला रूळ म्हणतो त्याला गुजरातीत पाटा म्हणतात. हे सुरतेत शेंबडं पोर सांगेल. नेमकं मी सोडून.

"पाटा?" काकू म्हणाली. "मसाल्याचा पाटा? तो कशाले?"

मला अर्थ माहीत नसला की मी तो तयार करायचे; ही सवय अजून गेलेली नाही. मी क्षणभर रुळाकडे बघितलं. रुळाखाली काय असतं? दगड. सगळं एकदम जुळलं. "नवीन रूळ टाकायचाय ना, त्याला दगड लागतात," मी म्हणाले. "कमी पडत असतील. प्रत्येक घरातून एकेक पाटा नेणार."

तेवढ्यात टेपवाल्यानं विचारलं, "कोईने वांधो छे?"

कुणाची हरकत आहे का, एवढंच विचारत होता बिचारा. आणि इथं खरं सांगते, दुभाष्याचं काम म्हणून मी तो प्रश्न आईला सांगायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढं पाटा उचलून चाललेली माणसं आली. मागं मोकळी जागा. तिथं मी, दोन्ही हात थंडगार, दोरीवरच्या उड्या मारतेय. मी कुणालाच काही विचारलं नाही.

"ना साहेब, वांधो नथी!" मी ठणकावून सांगितलं. "लई जाव! आजे ज लई जाव!"

टेपवाला पोट धरून हसला. सबंध शहरात त्याला एवढं आनंदानं घर देणारं कुणी भेटलं नसावं. "आजे नहीं, बेटा. वार लागशे," म्हणजे वेळ लागेल, असं म्हणून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, आमच्या पत्र्याच्या कडेला चुन्याची मोठी फुली मारली आणि गेला.

"काय म्हणे?"

"वार नंतर सांगतील," मी म्हणाले. "बहुतेक सोमवार."

बायांनी जे तोंड सोडलं! काकूचा पाटा तिच्या बापानं तिच्या लग्नात दिलेला. एकीच्या पाट्याला टाकी लावून जेमतेम आठ दिवस झाले होते. आई पदर खोचून आत गेली आणि पाट्यावर हात ठेवून म्हणाली, "मना सासूना पाटा शे हाऊ. कोनीच हात लावाना नही." माझ्या दोरीवरच्या उड्या तिथंच थांबल्या.

रविवारी सकाळी ओळीत लपवालपवी झाली. पाटे जड, पण त्यांची सोय सोपी होती. कुणी गोधड्यांखाली घातला, कुणी उलटा करून त्यावर तुळशीचा डबा ठेवला. वरवंट्यांचं काय करायचं, हा प्रश्न काकूनं सोडवला. आपल्याकडे बारशाला पाळण्यात मूल घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालून झोपवतात ना? काकूच्या तान्ह्याच्या बारशाची कुंची तिच्याकडे होतीच. तिनं वरवंट्याला ती घातली आणि झोळीत टाकला. बाकीच्यांनी बघितलं, आपापल्या खोलीत जुन्या साडीची झोळी बांधली. सोमवारी सकाळी आमच्या नऊ खोल्यांत सात झोळ्या लटकत होत्या. तान्हं मूल एक.

सोमवारी टेपवाला खरंच आला. माझी मान इंचभर वर गेली. या वेळी त्याच्याबरोबर एक मोठे साहेब होते. चष्मा, हातात गुंडाळलेला नकाशा. ते हिंदीत बोलत होते आणि घरात किती माणसं, हे खोलीखोलीत लिहून घेत होते. पहिल्या खोलीत त्यांनी झोळी बघून हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या खोलीत चवड्यांवर चालायला लागले. आठव्या, म्हणजे काकूच्या खोलीत थांबून टेपवाल्याला म्हणाले, "इतने छोटे बच्चे? और एक भी रोता नहीं?"

"आमचे पोरं शांत आहेत, साहेब," काकू म्हणाली आणि हिंदी कमी पडू नये म्हणून झोळीला झोका दिला. जरा जोरात दिला. साडी जुनी होती. चर्रकन फाटली आणि बाळ धाडकन खाली पडलं.

साहेब किंचाळले. खरंच किंचाळले. कुंचीतलं बाळ गडगडत त्यांच्या बुटाशी आलं. त्यांनी वाकून कुंची सोडली. आतून हळदीनं पिवळा झालेला वरवंटा निघाला.

मग साहेबांनी फार सावकाश विचारलं, "इसको क्यों सुलाया है?"

आई पुढं झाली. तिचं हिंदी कामापुरतं, पण सरळ. "आप लोग पाटा ले जानेवाले है ना. इसलिए छुपाया."

टेपवाल्याच्या डोक्यात आधी उजेड पडला. तो आम्हाला सगळ्यांना मागं घेऊन गेला, रुळावर हातातली काठी आपटली. ठण्ण. "पाटा!" तो म्हणाला. मग पाट्यावर वाटतात तसा हवेत हात फिरवून म्हणाला, "ए नहीं." पुन्हा ठण्ण. "आ!"

साहेबांनी नकाशा उलगडला. आणखी एक रूळ टाकायचा विचार होता. त्याच्यासाठी दोन रेघा होत्या: एक नाल्याच्या पलीकडून, एक अलीकडून. अलीकडची सरळ आमच्या चुन्याच्या फुलीवरून जात होती. "ये रसोई जाएगी," साहेब म्हणाले. आई म्हणाली, "हमको किसी ने पूछा नहीं." साहेबांनी टेपवाल्याची वही घेतली आणि वाचून दाखवलं: कडेच्या खोलीची हरकत नाही, घरच्यांचं म्हणणं, आजच घेऊन जा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली, आणि कमरेवरचे हात कधी खाली आले ते मला कळलंच नाही.

आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती परत ओट्यावर बसली, देठ काढलेल्या मिरच्यांचेच पुन्हा देठ शोधत राहिली. साहेबांना बहुधा ते बघवलं नाही. म्हणाले, नकाशा गुरुवारी वर जाईल. काही सांगायचं असेल तर त्याच्या आधी कचेरीत येऊन सांगा.

बातमी कळली तशी त्या दुपारी दोन्ही पाळ्यांचे लोक एकदमच जेवायला आले. त्या दिवशी कुणी लाइन वाकवली नाही. बाबांनी मात्र मला हाक मारून जवळ बसवलं, चांगल्या कानाच्या बाजूला. "माझ्या गावचे 'हो' म्हणायचं तिथं 'नको' म्हणाले. तू 'नको' म्हणायचं तिथं 'घेऊन जा' म्हणालीस. कोण जास्त अडाणी?" उत्तराची वाट न बघता त्यांनी भाकरीची पट्टी तोडली. "वही आण. नाल्याच्या पलीकडे काय आहे? नुसती वेडी बाभूळ. एक खोली नाही. हे साहेबाला कागदावर दाखवायचं." मग चौदा जणांनी मिळून, आयुष्यात पहिल्यांदा, एकाच ताटात एकच लाइन टाकली. मी ती बघून बघून वहीत उतरवली.

कचेरीत जायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, मी सुट्टी काढतो. आई म्हणाली, "नही. जिनी बिघाडं, तीच सांगी." आणि बुधवारी सकाळी तिनं माझ्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भुवया वर गेल्या. त्याच चेहऱ्यानं मी साहेबांपुढं उभी राहिले.

रस्ताभर मी वाक्य घोकत होते. या वेळी किराणा दुकानदाराला तीन वेळा विचारून घेतलं होतं. साहेब गुजराती होते, म्हणून त्यांच्याच भाषेत म्हणाले, "साहेब, अमने वांधो छे."

"अच्छा?" साहेब म्हणाले. "गेल्या आठवड्यात तर आजच न्या म्हणत होतीस."

मी वही पुढं केली. साहेबांनी चष्मा वर सरकवला. "हे गोल काय आहे?"

"ताट."

"आणि हे?"

"तो कांदा. म्हणजे उधना. हा ठेचा, म्हणजे आम्ही. ही भाकरी पलीकडून न्यायची." हे मी हिंदी, गुजराती आणि मराठी यांचं कालवण करून सांगितलं. मी ताटाची कड, वाटी, वाटीतलं वरण, सगळं इमानदारीनं काढलं होतं. वरण कुठलं ठिकाण आहे, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, ते नुसतं वरण आहे.

साहेब हसले नाहीत, फक्त वही बराच वेळ तोंडापुढं धरून बसले. वही हलत होती. मग त्यांनी टेपवाल्याची नोंद काढली, त्यावर काट मारली आणि आईला हिंदीत विचारून नवीन लिहिलं: किती जण जेवतात, कधीपासून, दुसरी जागा आहे का. आई एकेक सांगत होती. मी तिच्या पदराचं टोक धरलं होतं. तिनं सोडवलं नाही.

"चौदा माणसांचं वाटण कोण करतं?" साहेबांनी मला विचारलं.

मला वाटलं, आता शेवटचा धक्का द्यायला हवा. म्हणाले, "हुं करूं छुं, साहेब. रोज. मने बहु गमे छे." मी करते, रोज, मला फार आवडतं. एवढ्यावर थांबायचं तर नाही. "पाट्याशिवाय मला करमत नाही," असंही म्हणाले.

पुढच्या महिन्यात टेपवाला येऊन आमच्या बाजूच्या खुंट्या उपटून घेऊन गेला आणि नाल्यापलीकडे ठोकल्या. माझ्या ताटाचा त्यात किती वाटा होता, देव जाणे. पलीकडे बाभळीशिवाय कुणी नव्हतं, आणि बाभळींमध्ये गुजराती येणारी पोरगी नव्हती. खानावळ आईनं पुढं खूप वर्षं चालवली. आम्ही भावंडं त्याच पत्र्याखाली वाढलो.

पण त्या बुधवारी हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही उन्हातून परत आलो. घरी पोचल्यावर तिनं गोधड्यांखालून पाटा ओढून काढला, धुतला, मागं पत्र्यांत त्याच्या जागी ठेवला. भाजलेला कांदा, खोबरं आणि मूठभर मिरच्या पुढं केल्या. मी म्हणाले, आई, आज दमले गं, आज मी केवढं मोठं काम केलं.

आईला हसू आवरत नव्हतं. मला ते उशिरा कळलं, कारण तिनं तोंडावर पदर धरला होता.

"साहेबले सांगी उनी ना, पाटानी फार गोडी लागस म्हनीसन?" ती म्हणाली. "बठ मंग."